निद्रारंभ झटके

निद्रारंभ झटके : जागृतावस्थेतून निद्रावस्थेत प्रवेश होत असताना हातापायांच्या किंवा सर्व शरीराच्या स्नायूंचे अनैच्छिक, आकस्मिक व क्षणिक आकुंचन होऊन व्यक्ती दचकते. या आविष्कारास निद्रारंभ झटका असे म्हणतात. झटक्याबरोबर पुष्कळदा उंचावरून पडल्याचा, पायरी चुकल्याचा वा पाय घसरल्याचा भास होतो. क्वचित डोळ्यांपुढे प्रकाश चमकल्यासारखा वाटतो किंवा मोठा आवाज ऐकू आल्यासारखे वाटते. काही वेळा तोंडून ओरडल्याचा आवाजही निघतो. निरोगी व्यक्तींमध्येही हे झटके आढळतात. सु. ६० ते ७० टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्यांचा अनुभव येतो. स्त्री-पुरुष व लहान-थोर सर्वांत ते दिसून येतात. एरवी निरुपद्रवी असलेल्या या झटक्यांना निद्राश्वसनरोध या विकारावरील उपचारांच्या काळात मात्र वेगळे महत्त्व प्राप्त होते. झटके यंत्रामुळेच येतात असे समजून रुग्ण उपचार सोडून देण्याचा संभव असतो; उलटपक्षी, झटक्यासारखी भासणारी प्रत्येक घटना निरुपद्रवी मानल्यास उपचारातील दोष लक्षात न येण्याचाही धोका असतो. म्हणून या दोन बाबींतील भेद समजून घेणे आवश्यक ठरते.

इतिहास : झोप लागताना येणाऱ्या आकस्मिक धक्क्यांचे वैद्यकीय वर्णन अमेरिकन तंत्रिकावैज्ञानिक सायलस विअर मिचेल यांनी १८९० मध्ये केले. हान्स बेर्गर या जर्मन शास्त्रज्ञांनी मानवी मेंदूतील विद्युत् आंदोलनांचे आलेखन १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्यानंतर झोपेचा वस्तुनिष्ठ अभ्यास शक्य झाला. १९४९ मध्ये मोरुत्सी व मॅगून यांनी मस्तिष्क स्तंभातील जालरूप रचनेचा जागृतीशी असलेला संबंध दाखवून दिला. इअन ऑझ्वल्ड या ब्रिटिश संशोधकांनी १९५९ मध्ये निद्रारंभ झटक्यांचा मस्तिष्क विद्युत् आलेखाच्या साहाय्याने अभ्यास केला.

निद्राश्वसनरोधाची जाण स्वतंत्रपणे विकसित झाली. सुश्रुतसंहितेत मेदोवृद्धीच्या लक्षणांत क्षुद्रश्वास व अतिनिद्रा यांचा निर्देश आहे. चार्ल्स डिकिन्झ यांच्या पिक्‌विक पेपर्स (१८३६–३७) या कादंबरीतील सदैव पेंगणाऱ्या लठ्ठ मुलाच्या पात्रावरून १९५६ मध्ये बर्वेल व त्यांचे सहकारी यांनी स्थूलता, अतिनिद्रा व अपुरे श्वसन यांच्या समुच्चयास ‘पिक्‌विक लक्षणसमूह’ असे नाव दिले. झोपेत श्वास वारंवार थांबतो हे १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनी आलेखनाने दाखविले. १९७६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस्त्यान गीयमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे सविस्तर विवेचन केले. तोपर्यंत तीव्र विकारावर श्वासनालास छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया हाच खात्रीचा इलाज होता. सिडनी येथील कॉलिन सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनी नाकावाटे अविरत धन दाबाने हवा देण्याची पद्धत शोधून काढली व तिचे पाच रुग्णांवरील निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. हीच पद्धत पुढे ‘सीपॅप’ या नावाने रूढ झाली.

निद्रारंभ झटक्यांची यंत्रणा : जागृती व निद्रा या अवस्था मेंदूतील परस्परविरोधी तंत्रिका समूहांच्या समतोलावर अवलंबून असतात. मस्तिष्क स्तंभातील व अधोथॅलॅमसातील काही केंद्रे मेंदूला जागे ठेवतात, तर अधोथॅलॅमसाच्या पुढील भागातील केंद्रे त्यांचे दमन करून झोप आणतात. दिव्याची कळ दाबताच अंधार व्हावा तसे हे स्थित्यंतर दर वेळी सफाईने घडतेच असे नाही. काही काळ मेंदू या दोन अवस्थांच्या सीमेवर आंदोलित होत राहतो. स्नायूंचा ताण कमी होत असताना जालरूप रचनेतून एखादा आवेग अवचित मेरुरज्जूकडे उतरतो व स्नायूंचे आकुंचन होते, असे सामान्यतः मानले जाते. हे आकुंचन सहसा पाव सेकंदाहूनही कमी काळ टिकते. त्यापाठोपाठ हृदयाचे ठोके व श्वसन क्षणभर जलद होतात आणि व्यक्ती जागी होते. पडल्याचा भास झटक्याचे कारण असतो की झटक्याचा मेंदूने लावलेला अर्थ असतो, याविषयी एकमत नाही. वृक्षवासी पूर्वजांना फांदीवरून पडण्यापासून वाचविणारी ही प्रतिक्षेपी क्रिया असावी, अशी एक कल्पना मांडली जाते; तथापि तिला पुरावा नाही.

अपुरी झोप, मानसिक ताण, रात्री उशिरा केलेले अतिश्रम, चहा-कॉफीतील कॅफीन, तंबाखूतील निकोटीन आणि काही उत्तेजक औषधे यांमुळे झटक्यांचे प्रमाण वाढते. काही अवसादरोधी औषधे घेणाऱ्यांतही ते वाढल्याचे आढळले आहे. मूल झोपेत दचकले की मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढण्याची चाल महाराष्ट्रात अनेक घरी आहे. तान्ह्या मुलाचे दचकणे हा बहुधा त्याच्या अपरिपक्व तंत्रिका तंत्राचा प्रतिक्षेप असतो व वाढत्या वयाबरोबर तो नाहीसा होतो. प्रौढांचे झटके हा त्याहून निराळा प्रकार होय.

निद्राश्वसनरोध व त्यावरील उपचार : झोपेत ग्रसनीभोवतालचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा वायुमार्ग मुळात अरुंद असतो किंवा मेदसंचयामुळे अरुंद झालेला असतो, त्यांच्यात जिव्हा व मृदुतालू मागे सरकून मार्ग बंद होतो. छाती व पोट यांची हालचाल चालू असते. परंतु हवा आत जात नाही. किमान १० सेकंद श्वासप्रवाह जवळजवळ बंद पडल्यास त्यास श्वसनरोध म्हणतात. रक्तातील ऑक्सिजन घटतो, कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो आणि मेंदू अर्धवट जागा होऊन मार्ग मोकळा करतो. या जागृतीची आठवण रुग्णास बहुधा राहत नाही. ताशी ५ ते १५ घटना असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम व ३० किंवा त्याहून अधिक असल्यास तीव्र समजतात. उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित गती, पक्षाघात आणि दिवसा येणाऱ्या झापडीमुळे होणारे वाहन-अपघात यांच्याशी या विकाराचा संबंध आहे.

मुंबई येथील हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केले. ६५८ पुरुषांपैकी २६ टक्के नेहमी घोरणारे होते. त्यांपैकी ज्यांची झोपेतील तपासणी करण्यात आली, त्यांच्या निष्कर्षांवरून झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९·५ टक्के व दिवसाच्या झापडीसह असलेल्या विकाराचे प्रमाण ७·५ टक्के असल्याचा अंदाज काढण्यात आला. घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण, या प्रचलित समजुतीला या निष्कर्षांनी छेद दिला. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी या विकाराचा उल्लेख केल्यामुळे त्याचे नाव सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचले.

सीपॅप यंत्रात लहान विद्युत् चलित्राच्या साहाय्याने हवा दाबाखाली येते व नळी आणि मुखवटा यांमधून नाकात किंवा नाका-तोंडात सोडली जाते. हा दाब सामान्यतः पाण्याच्या स्तंभाच्या ४ ते २० सेंमी. उंचीइतका असतो. दाबाखालील हवा वायुमार्गाला आतून आधार देते व तो मिटू देत नाही. यंत्र विकार बरा करीत नाही. ते वापरले जाते तेवढा वेळच मार्ग मोकळा राहतो. त्यामुळे रोज रात्री व झोपेच्या सर्व काळात यंत्र वापरणे हाच या उपचाराचा गाभा होय.

उपचारकाळातील झटके : यंत्राचा वापर सुरू केल्यावर काही रुग्ण ‘डोळा लागतो न लागतो तोच धक्का बसून जाग येते’ अशी तक्रार करतात. या एकाच तक्रारीमागे निरनिराळी कारणे असू शकतात.

(१) खरे निद्रारंभ झटके : तीव्र विकाराच्या रुग्णाला उपचारांपूर्वी इतकी झोप साचलेली असते की, अंथरुणाला पाठ टेकताच तो झोपी जातो. उपचार सुरू झाल्यावर मुखवट्याची अडचण, यंत्राचा आवाज व मनातील धास्ती यांमुळे तो बराच वेळ जागृती व निद्रा यांच्या सीमारेषेवर रेंगाळतो. झटके याच सीमाप्रदेशात उद्भवत असल्याने ते येण्यास व लक्षात राहण्यास अधिक वाव मिळतो. पुन्हा झटका येईल या भीतीने झोप आणखी लांबते आणि दुष्टचक्र निर्माण होते.

(२) अपुरा दाब व हवेची गळती : अनेक यंत्रांत आरंभी दाब कमी ठेवून तो हळूहळू वाढविण्याची सोय असते. दाब पुरेसा होण्यापूर्वीच झोप लागल्यास वायुमार्ग बंद पडतो व रुग्ण धापा टाकीत दचकून उठतो. मुखवटा सैल असल्यास किंवा तोंड उघडे पडल्यास हेच घडते. येथे मूळ घटना श्वसनरोधाचीच असते. शरीराचा झटका हा तिचा परिणाम होय.

(३) केंद्रीय श्वसनरोध : यात वायुमार्ग मोकळा असतो, परंतु मेंदूकडून श्वास घेण्याची आज्ञाच क्षणभर येत नाही. जागेपणी श्वसनाला जागृतीची स्वतंत्र चालना असते. झोप लागताच ती नाहीशी होऊन श्वसन मुख्यतः रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडाच्या पातळीवर अवलंबून राहते. ही पातळी एका मर्यादेखाली गेल्यास श्वास थांबतो. दचकून जागा झालेला माणूस खोल श्वास घेतो, त्यामुळे कार्बन डाय-ऑक्साइड आणखी उतरतो व पुन्हा डोळा लागताच श्वास पुन्हा थांबतो. सीपॅप उपचारांच्या आरंभी काही थोड्या रुग्णांत असे रोध नव्याने दिसू लागतात. मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी २००६ मध्ये या प्रकाराकडे विशेष लक्ष वेधले. बहुतेकांत काही आठवड्यांत वा महिन्यांत ते आपोआप कमी होतात. काहींत मात्र ते टिकून राहतात.

(४) नियतकालिक अवयवचलन : झोप लागल्यानंतर पायाचा अंगठा, घोटा व गुडघा ठराविक अंतराने, बहुधा दर २० ते ४० सेकंदांनी, आखडतात. निद्रारंभ झटक्यात अशी नियमितता नसते. पायांत हुरहुर वाटून ते सतत हलवावेसे वाटणे हा विकार याच्या जोडीने आढळतो व शरीरातील लोहाची न्यूनता हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) आढळले आहे. हे ध्यानी घेता अशा तक्रारीत लोहाची तपासणी दुर्लक्षून चालत नाही.

(५) इतर कारणे : अपस्माराचे काही प्रकार, आम्लपित्त घशाशी येणे, रात्रीचे भीतीचे झटके व काही औषधांचे परिणाम यांचाही विचार करावा लागतो. सकाळी जाग आल्यावर हातातील वस्तू उडून पडण्याइतके झटके येणे, जीभ चावली जाणे, अंथरुणात लघवी होणे किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे निद्रारंभ झटक्यांची नव्हेत.

निदान : केवळ वर्णनावरून कारण ठरविणे अवघड असते. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीचे निरीक्षण येथे मोलाचे ठरते : झटक्याआधी श्वास थांबला होता काय, झटका एकदाच आला की ठराविक अंतराने येत राहिला, झटक्यानंतर रुग्ण धापा टाकीत होता काय, या प्रश्नांच्या उत्तरांनी बरीच दिशा मिळते. आधुनिक यंत्रे वापराचे तास, हवेची गळती व उरलेल्या श्वसनरोधांची संख्या नोंदवितात. मात्र यंत्र मेंदूचे विद्युत् आलेखन करीत नाही. त्यामुळे रुग्ण जागा असताना कुशीवर वळला किंवा त्याने श्वास धरला, तरी यंत्र तो श्वसनरोध म्हणून नोंदविण्याची शक्यता असते. संशय राहिल्यास निद्रा प्रयोगशाळेत रात्रभराचे बहुविध आलेखन करतात. त्यात मेंदूचे तरंग, डोळ्यांच्या हालचाली, हनुवटी व पाय यांच्या स्नायूंचे कार्य, श्वासप्रवाह, छाती व पोट यांचे प्रसरण, हृदयाचे ठोके आणि रक्तातील ऑक्सिजन यांची एकाच वेळी नोंद होते. झटका प्रथम आला की श्वास प्रथम थांबला, हे या आलेखावरून ठरविता येते.

उपाययोजना : झटके येतात म्हणून यंत्र आपल्या मनाने बंद करणे योग्य नव्हे. यंत्र बंद होताच मूळ विकार त्याच रात्री परततो. साधा निद्रारंभ झटका मात्र झोपमोडीपलीकडे अपाय करीत नाही. मुखवटा चेहऱ्यास नीट बसतो की नाही हे प्रथम पाहतात. नाक कोरडे पडत असल्यास आर्द्रतेची सोय वापरतात. आरंभीचा कमी दाब त्रासदायक ठरत असल्यास वैद्याच्या सल्ल्याने तो वाढवितात किंवा दाबवाढीचा अवधी कमी करतात. केंद्रीय श्वसनरोधाचा संशय असल्यास याउलट दाब कमी करावा लागण्याचा संभव असतो. म्हणून दाबातील बदल तज्ञाकडूनच करून घेणे इष्ट असते. दिवसा जागेपणी अर्धा-पाऊण तास मुखवटा लावून वाचन करण्याच्या सरावाने त्याची सवय होते व धास्ती ओसरते. दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे, रात्री तंबाखू व मिश्री वर्ज्य करणे आणि निजण्या-उठण्याच्या वेळा नियमित ठेवणे यांनी खऱ्या झटक्यांचे प्रमाण घटते. मद्याने झोप लवकर लागत असली, तरी घशाचे स्नायू अधिक सैल पडतात व झोप तुटक होते. झटक्यांवर क्लोनाझेपाम हे औषध काही वेळा देतात. परंतु अशी शामके श्वसनरोध वाढवू शकत असल्याने ती स्वतःहून घेणे धोक्याचे असते. केंद्रीय रोध टिकून राहिल्यास श्वासागणिक दाब बदलणारी यंत्रे वापरतात. तथापि हृदयाची आकुंचनशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांत अशा यंत्राने मृत्युप्रमाण वाढल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले. म्हणून त्यापूर्वी हृदयाची तपासणी आवश्यक ठरते.

ग्रामीण परिस्थिती : या विकाराची चर्चा बहुधा शहरांच्या संदर्भात होत असली, तरी उपचारातील अडचणी खेड्यात अधिक असतात. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी हे गोदावरीच्या खोऱ्यातील गाव त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. जायकवाडी प्रकल्पाच्या डाव्या कालव्यामुळे या परिसरात ऊसाची शेती वाढली. शेतीपंपांना चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री वीज मिळण्याच्या पद्धतीमुळे शेतकऱ्याला रात्री पिकास पाणी देण्यासाठी जागावे लागते. शेतीला दिवसा वीज मिळावी या हेतूने महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. पाणी देण्याची रात्रपाळी, गळीत हंगामातील पाळ्या आणि जागे राहण्यासाठी घेतलेला चहा व तंबाखू ही सारी निद्रारंभ झटके वाढविणारी कारणे होत. श्वसनरोधाच्या रुग्णाला अशा वेळी उपचारांच्या पहिल्या आठवड्यांतच झटके येऊ लागले, तर दोष यंत्राला दिला जाणे स्वाभाविक आहे.

वीज खंडित होणे ही दुसरी अडचण होय. चलित्र थांबताच दाब नाहीसा होतो व रुग्ण गुदमरल्याप्रमाणे दचकून उठतो. मुखवट्यात बाहेरची हवा येण्यासाठी छिद्रे किंवा झडप असल्यामुळे प्रत्यक्ष गुदमरण्याचा धोका टळतो. तरी त्या अनुभवाने यंत्राविषयी भीती बसते. पुष्कळ यंत्रे योग्य जोडणीने विद्युत् घटमालेवर चालविता येतात. आर्द्रतेसाठी पाणी तापविण्याची सोय बंद ठेवल्यास घटमाला अधिक काळ पुरते. धूळ व ऊसाच्या पाचटाची राख असलेल्या परिसरात यंत्राची गाळणी वरचेवर पाहून साफ करावी लागते किंवा बदलावी लागते. निद्रा प्रयोगशाळा मोठ्या शहरांतच एकवटलेल्या असल्याने घरच्या घरी करावयाच्या तपासणीचा व यंत्रातील नोंदी दूरवरून पाहण्याचा उपयोग अशा गावांना विशेष होतो.

साध्यासाध्यता : खरे निद्रारंभ झटके झोपेची तूट भरून येताच व मुखवट्याची सवय होताच बहुधा विरळ होतात. ते आजन्म अधूनमधून येत राहिले, तरी त्यांपासून अपाय होत नाही. झटक्यासोबत धाप लागणे, दिवसाची झापड पूर्ववत राहणे किंवा यंत्रातील नोंदीत श्वसनरोधांची संख्या चढी असणे ही चिन्हे मात्र उपचाराची फेरतपासणी आवश्यक असल्याचे दर्शवितात. अशी झापड असेपर्यंत वाहन, मळणीयंत्र किंवा उसाचा चरक चालविणे टाळणे श्रेयस्कर असते.